गोल्फमध्ये एक शॉट बिघडला की पुढचा सगळा राउंड बिघडतो. मन पक्कं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की सरावात चेंडू सरळ जातो, पण राउंडमध्ये एक शॉट झाडीत गेला की पुढची तीन-चार होल हातची जातात. मी कामठी तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी शेती, पऱ्हाटी आणि तूर. शाळेत होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी गावाजवळच्या कोर्सवर कॅडी म्हणून बॅग उचलायचो, पुढे स्वतः खेळायला लागलो. कितीतरी वर्षं दुसऱ्यांचा खेळ त्यांच्या मागे दोन पावलांवर उभं राहून पाहिलाय, त्या भरवशावर सांगतो.

राउंड बुडवतो तो बहुतेक वेळा भरपाईचा शॉट. चेंडू बाभळीखाली असतो, दोन फांद्यांमधून हातभर फट दिसते आणि साहेब लांबची आयर्न (लांब पल्ल्याची काठी) मागतात. आम्हा पोट्ट्यांना तेव्हाच कळायचं की आता या होलवर सात-आठ लागणार. वेज (चेंडू उंच आणि जवळ टाकणारी काठी) घेऊन आडवा फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, काढला असता तर नुकसान एका शॉटचं होतं.

१९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, स्कॉटलंडच्या कार्नूस्टीला, फ्रान्सचा ज्याँ व्हान दे वेल्द शेवटच्या होलवर तीन शॉटनी पुढे होता. सहा शॉटमध्ये होल संपवलं असतं तरी स्पर्धा त्याची होती. ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब शॉट, उजवीकडे भरकटला, तरी दुसरा शॉट त्यानं लांब आयर्ननं सरळ ग्रीनकडे (खळग्याभोवतीच्या बारीक गवताकडे) मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला आपटून मागे उंच गवतात आला, तिथून ओढ्याच्या पाण्यात. सात लागले, प्लेऑफ झाला आणि पॉल लॉरी जिंकला. या माणसावर हसणारे पुष्कळ भेटतात. मला वाईट वाटतं, कारण आधीच्या ७१ होलमध्ये त्याच्याइतकं चांगलं कोणीच खेळलं नव्हतं. म्हणून झाडीत शिरण्याआधीच मी ठरवून ठेवतो: जी वाट दहापैकी नऊदा निघेल, तीच घ्यायची.

आता शॉटच्या आधीचं. लहानपणी ज्वारीच्या वावरात मचाणावरून पाखरं हाकलायला गोफण मारायचो. गोफण फिरवताना हाताकडे कोणी पाहत नाही, नजर ज्या ताटावर थवा बसलाय तिथं असते. गोल्फमध्ये मात्र आपण चेंडूवर उभे राहून खांदा, मनगट, कोपर असा हिशोब मांडतो. तो हिशोब रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर करा. कोर्सवर चेंडूच्या मागे उभं राहून एकच बारीक जागा निवडा. ‘फेअरवेचा डावा भाग’ एवढ्यानं भागत नाही. त्या कडूनिंबाची वाळलेली फांदी, इतकी नेमकी जागा हवी. एक लांब श्वास सोडा, पकड सैल झाली का बघा, मग पुढे होऊन मारा. मध्येच ‘पाण्यात जाईल’ असं मनात आलं तर मागे सरका आणि पहिल्यापासून सुरू करा. मागचे खेळाडू थांबले असतील म्हणून लाजून मारलेला शॉट सगळ्यात महाग पडतो.

पट (ग्रीनवरून चेंडू खळग्यात घालायचा शॉट) चुकला की चिडता, असंही तुम्ही लिहिलंय. भाऊ, आठ फुटांवरून जगातले मोठे व्यावसायिकसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. तुमचा चुकला तर त्यात चिडण्यासारखं काय आहे? तीन फुटांचा चुकला तर मात्र सराव वाढवा.

चार तासांच्या राउंडमध्ये प्रत्यक्ष स्विंगचा वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटं भरतो. उरलेला सगळा वेळ चालण्याचा. तेव्हा बेरीज करत चालू नका, गप्पा मारा, झाडं बघा. टायगर वूड्सची दहा पावलांची सवय मला फार पटते: राग आला तर दहा पावलं येऊ द्यायचा, अकराव्या पावलाला तो विषय बंद.

आपल्याकडच्या उन्हाचंही सांगतो. एप्रिल-मेमध्ये बाराव्या होलनंतर होणारी चिडचिड पुष्कळदा तहानेची असते. पहाटे सुरू करा, आणि तहान लागायची वाट न बघता प्रत्येक टीवर (होल सुरू होतं तिथं) दोन घोट पाणी घ्या.

रेंजवर एकाच क्लबनं पन्नास चेंडू मारणं सोडा. दर चेंडूला क्लब आणि निशाण बदला, कारण कोर्सवर तोच शॉट लगेच पुन्हा मारायला मिळत नाही. मी तर तूर निघाल्यावर मोकळ्या वावरात जुने चेंडू घेऊन धुऱ्याकडे चिप (जवळचा छोटा शॉट) मारतो, दर चेंडू नव्या जागेवरून.

पुढचे चार राउंड आकड्याकडे बघू नका. जागा नक्की न करताच मारलेल्या प्रत्येक शॉटसाठी कार्डाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा ९४ शॉटमध्ये ३१ रेघा निघाल्या होत्या. तुमच्या किती निघतात ते इथं लिहा, कोणत्या होलवर जास्त आहेत तेही लिहा, मग त्याच होलवर बोलू.