बाल संरक्षणाचे काम सोडून इंग्लंडला येण्याविषयी

ताई, यवतमाळ जिल्ह्यातील बाल संरक्षणाची नोकरी सोडून इंग्लंडमध्ये त्याच क्षेत्रात यावे का, आणि पुढे नेतृत्वाच्या पदापर्यंत पोहोचता येते का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, शुल्क आणि इंग्रजीची परीक्षा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, म्हणून ती येथे देत नाही. मीही त्याच जिल्ह्यातून आले आहे आणि तुमच्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही.

प्रथम कागदपत्रे. ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय येथे सोशल वर्कर हे पद कायद्याने लावता येत नाही. त्या नोंदणीसाठी मला एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीचा) अभ्यासक्रम आणि क्षेत्रकार्याचा तपशील द्यावा लागला. महाविद्यालयाकडे माझे गुण होते, क्षेत्रकार्याच्या तासांची नोंद नव्हती, आणि अहवाल रद्दीत गेले होते. कापूस वेचणीच्या हंगामात पारधी बेड्यांवर आणि तांड्यांवर शाळाबाह्य मुले शोधत फिरलेले ते दिवस कोणाच्या तरी सहीअभावी अस्तित्वातच नाहीत असे ठरावे, याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही नोकरीत असतानाच ही पत्रे मिळवा.

नेतृत्वाविषयी माझे मत स्पष्ट आहे. व्हिक्टोरिया क्लिम्बी या मुलीचा २००० साली छळाने मृत्यू झाला, लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला, आणि २००४ च्या बालक कायद्याने (चिल्ड्रन अ‍ॅक्ट) मुलांच्या सेवांसाठी प्रत्येक संबंधित स्थानिक प्राधिकरणात एक संचालक नेमणे बंधनकारक झाले. त्यामुळे उत्तरदायित्व एका व्यक्तीवर येते; आपल्याकडे तसे नसणे मला फार खटकत असे. तेथे बाल कल्याण समिती, बाल संरक्षण कक्ष, पोलीस आणि विभाग यांच्यामध्ये मूल अडकून पडते. शिवाय येथे वरिष्ठ तुमच्यासोबत नियमितपणे बसून प्रत्येक प्रकरणावर बोलतात. मूल मारहाण सहन करत असल्याचे पाहून आल्यावर ते कोणापाशी तरी बोलता येणे, ही माझ्यासाठी सर्वांत मोठी प्राप्ती आहे.

तरीही हरवलेलेही सांगते. रात्री अंगणवाडी सेविकेचा फोन यायचा की पहाटे चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न आहे, आणि ग्रामसेवक, पोलीस पाटील व मुलीची मोठी आई यांपैकी कोणाशी आधी बोलायचे हे मला ठाऊक असायचे. येथे मुलाला इजा होत असल्याचा संशय आला की १९८९ च्या बालक कायद्याच्या कलम ४७ खाली चौकशी सुरू होते, गरज भासल्यास पंधरा कामकाजाच्या दिवसांत बाल संरक्षण परिषद (संबंधितांची बैठक) भरते, आणि मी घरात पाऊल ठेवते ती परकी अधिकारी म्हणून. एकटेपणाचे विचाराल, तर तो असतो आणि कामात विसरला जातो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

मला सतावते ते वेगळेच. मी निघाल्यावर माझे पद बराच काळ रिक्त राहिले. वडिलांच्या आत्महत्येनंतर आजीकडे राहणाऱ्या दोन भावंडांचा बालसंगोपन या सरकारी मदत योजनेचा प्रस्ताव तेव्हा माझ्या टेबलावर होता, आणि त्याची चौकशी मी आजही फोनवर करते. म्हणून तुम्ही या, पण तुमच्याकडची प्रलंबित प्रकरणे कोणाच्या हाती सोपवायची, हे नावानिशी लिहून घेतल्याशिवाय राजीनामा देऊ नका.