प्रगत योगसाधनेला गुरू लागतोच का?

तीन-चार वर्षं घरीच आसनं आणि अनुलोम-विलोम करताय, आता कुंभक (श्वास रोखणं), बंध (गळा, पोट असे भाग आवळून धरणं), ध्यान असं पुढचं करायचंय, आणि "गुरू केल्याशिवाय यात गती नाही" असं सगळे सांगतात. ते खरं का, असा तुमचा प्रश्न. हे "सगळे" कोण ते मला न सांगता कळलं. आमच्याही घरात आहेत.

शिकवणारा लागतो. कुंभकाला तर लागतोच, त्यावर वाद नाही. पण त्याने कानात मंत्र द्यायला हवा, त्याचा फोटो देवघरात लागायला हवा, हे कुठून आलं? पतंजलींनी यमनियमांपासून समाधीपर्यंत सगळं सांगितलं, दीक्षेचा विधी काही सांगितला नाही. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात गुरूने दाखवलेल्या मार्गानेच अभ्यास करा असं आहे खरं. पण त्याच ग्रंथात हेही बजावलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा प्राण वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. म्हणजे प्रश्न जिवाचा आहे. तिथे नजर असलेला माणूस हवा, हार घालून घेणारा नव्हे.

मला शिकवणारे सर बँकेतून रिटायर झालेले, गिरगावात चाळीत राहायचे. लग्नाआधी मी पहाटे त्यांच्याकडे जायची. खोलीत सतरंजी, वर पंखा बंद, कारण नाकापुढे धरलेला कापसाचा पुंजका हलतो की नाही ते त्यांना बघायचं असायचं. श्वास सोडताना कापूस थरथरला तर चालायचं, उडाला की "पुरे आज" म्हणून उठायचे. कुंभक झेपला नसेल तर रेचक, म्हणजे सोडायचा श्वास, फुस्सकन सुटतो, ते त्यांना माझ्याआधी कळायचं. श्वास घेणं, रोखणं, सोडणं यांचं एक-चार-दोन हे प्रमाण मी पुस्तकात वाचून गेले होते. ते म्हणाले, आकडे विसर, गळा बघ कसा आवळलायस. जालंधर बंध, म्हणजे गळ्याचा बंध, म्हणजे नुसतं हनुवटी छातीवर दाबणं नव्हे, हे समजायला मला फार वेळ लागला आणि तोवर त्यांनी कुंभक पुढे जाऊ दिला नाही. हे कुठल्या व्हिडिओला जमणार? व्हिडिओ तुम्ही बघता, तो तुम्हाला बघत नाही. एका गुरुपौर्णिमेला मी शाल-श्रीफळ घेऊन गेले, तर म्हणाले, "या उकाड्यात शाल कुठे पांघरू? नारळ ठेव, आमटीला होईल."

आता दुसरी बाजू. माझ्या मोठ्या नणंदेला, माईंना, अशाच एका महाराजांचा अनुग्रह आहे. मला त्या "नुगरी", म्हणजे गुरू न केलेली, म्हणतात, तेही पाहुण्यांसमोर. एकदा फारच आग्रह झाला म्हणून दादरला हॉलमधल्या त्यांच्या शिबिराला गेले. दारं बंद, एसी जोरात, स्टेजवर खुर्ची आणि झेंडूच्या माळा. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, सुरू झाली ती थांबेचना. मध्ये विश्रांती नाही, कोणाला बीपी आहे का ही विचारपूस नाही. माझ्या शेजारी एक तरुण मुलगी होती. तिचे ओठ पांढरे पडले, बोटं आत वळायला लागली, अंगठा तळव्याला चिकटला तो सुटेना. घाबरून ती रडायला लागली. माइकवरून आवाज आला, "थांबू नका, शक्ती वर चढतेय."

शक्ती कसली! इतक्या जोरात आणि इतका वेळ श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं, कॅल्शियमचा तोल बिघडतो, नसा चिडतात आणि हातांना मुंग्या, पेटके येतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. डॉक्टरांना हे रोजचं आहे. मी त्या मुलीला थांबवलं, हळू आणि कमी श्वास घ्यायला लावला. थोड्या वेळाने बोटं सुटली. माई मात्र परत येताना ट्रेनमध्ये विलेपार्ल्यापर्यंत बोलल्या नाहीत आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "तिच्यावर कृपा होत होती, तू आडवी आलीस." तो वाद अजून मिटलेला नाही. गणपतीत मोदक वळतानाही निघतो.

माईंचा नेहमीचा दाखला ज्ञानेश्वरांचा: एवढे मोठे, तरी त्यांनाही निवृत्तीनाथ लागलेच ना? लागले. पण निवृत्तीनाथ त्यांचे सख्खे थोरले भाऊ, एका घरात वाढलेले, लहानपणापासून पाहिलेले. तिकीट काढून स्टेजवर दिसणारे नव्हेत. तुकोबांना तर उपदेश स्वप्नात झाला. रमण महर्षींना देहधारी गुरू नव्हताच. आणि खुद्द समर्थांनी दासबोधात म्हटलंय की जे शिष्याला साधनेला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. हे माईंच्या पोथीत आहे, माझ्या नाही. गीता ज्ञान मिळवायला प्रणिपात (नमस्कार) आणि सेवा सांगते, पण त्या दोहोंच्या मधोमध परिप्रश्नही, म्हणजे प्रश्न विचारणंही, सांगते. तो मात्र शिबिरात चालत नाही.

एक गोष्ट माईंच्या बाजूचीही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटचे योगेंद्रजी (संस्था 1918 ची) आणि लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, दोघेही परमहंस माधवदासजींचे शिष्य. म्हणजे गुरू होता, आणि चांगला होता. पण एकाने योग संसारी माणसांच्या घरात आणला, दुसऱ्याने उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया एक्स-रेखाली तपासल्या. गुरूने डोळे मिटून घ्यायला शिकवलं असतं तर हे झालं नसतं. आपल्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडेही लोक तासन् तास प्रश्न विचारत बसायचे. तो ज्ञानमार्ग, हठयोग नव्हे, हे मान्य.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सांताक्रूझला किंवा मरीन ड्राइव्हच्या कैवल्यधामला जाऊन चौकशी करा, किंवा जवळपास असा शिक्षक शोधा जो आधी तुमचा श्वास बघेल. पहिल्याच दिवशी कुंभक शिकवणारा नको. शंका विचारल्यावर चिडणारा त्याहून नको. ध्यानाला रोज समोर कोणी बसायची गरज नाही, महिन्या-दोन महिन्यांनी बोलायला माणूस असला की पुरतं. मात्र पूर्वी मानसिक आजार झाला असेल किंवा औषधं चालू असतील, तर मौनाची लांब शिबिरं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. काचबिंदू असेल तर शीर्षासन नाही. हर्निया असेल तर कपालभाती नाही, गरोदरपणातही नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखायचा विचारही सोडा.

तुम्ही वय लिहिलेलं नाही, बीपीचंही नाही. ते कळवा. तोपर्यंत अनुलोम-विलोम आहे तसा चालू ठेवा, श्वास न रोखता.