आंब्याखालच्या सावलीत काय लावाल?

आधी सकाळ, दुपार, संध्याकाळ ऊन कुठं पडतं ते बघा. २-३ तास कोवळं ऊन येत असेल तर सोनटक्का, हळद छान येते. अजिबात नसेल तर नेचे, शोभेच्या पानांचं अग्लोनिमा. गुलाब-झेंडूचा हट्ट नको, फांद्या लांबतात, फुलं येत नाहीत.

खरी अडचण पाण्याची. कोल्हापूरच्या पावसात सावलीतली काळी माती कित्येक दिवस वाळत नाही, मुळं कुजतात. म्हणून २ पाट्या माती, १ पाटी कुजलेलं शेणखत, १ पाटी जाड वाळू मिसळून ६ इंच उंच वाफा करा. बुंध्यापासून ३ फूट सोडाच. खोडाला माती टेकली की साल कुजते.

उन्हाळ्यात उसाचं पाचट पसरा. पाण्याआधी बोट २ इंच खुपसा. ओल लागली तर थांबा.