सीसीतले पाच लाख तुमचे नाहीत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका वाचकांचं २०२४ मध्ये पत्र आलं. नाव छापू नका म्हणतात, छापत नाही. वय ४६, दोन सीएनसी आणि एका व्हीएमसीचं (संगणकावर चालणारी यंत्रं) मशीन शॉप, फाउंड्र्यांची कास्टिंगं (ओतलेले धातूचे भाग) मशीनिंग करून द्यायची. पत्रातला कामाचा भाग असा (सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, ठरलेल्या लिमिटपर्यंत हवं तेवढं उचलायचं धंद्याचं कर्ज):

"इंटेलचा शेअर वर्षाच्या सुरुवातीला पन्नास डॉलरला होता, आता वीसला मिळतोय. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, मामा, असला चान्स परत येत नाही, दोन वर्षांत डबल. माझ्या सीसीत पाच लाख पडून आहेत. लिमिट २५ लाखांचं आहे, व्याज ११ टक्के, घर तारण आहे, पण व्याज कधी थकवलेलं नाही. ते पाच लाख लावू का? बाकी आमचं सगळं व्यवस्थित आहे. बँकेत तीन वर्षांपासून दीड लाखाची वार्षिक एफडी चालू आहे. दहा वर्षं भरायची, विसाव्या वर्षी ३२ लाख मिळणार, वर १५ लाखांचा विमा फुकट. ती सीसीतूनच परस्पर कापली जाते, त्यामुळे डोक्याला ताप नाही. एका पार्टीकडे नऊ लाख चार महिने अडकलेत, पण ते येतील. मिसेस घरीच असतात, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे."

विचारलेल्याचं उत्तर आधी देतो: नको.

इंटेल ही चिपा बनवणारी अमेरिकी कंपनी काही ऐरीगैरी नाही. १९६८ सालची आहे, तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बहुतेक तिचाच स्टिकर असेल. पण शेअर पडला तो उगीच पडलेला नाही. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत तोटा १६० कोटी डॉलर, म्हणजे आपले तेराएक हजार कोटी रुपये. पंधरा हजारांच्या आसपास लोकांना नारळ. १९९२ पासून न चुकता मिळणारा डिव्हिडंड वर्षाच्या शेवटच्या तिमाहीपासून बंद. हे सगळं एकदम जाहीर झालं आणि २ ऑगस्टला शेअर एका दिवसात २६ टक्के आपटला. मोबाईल आले तेव्हा ही कंपनी मागं राहिली, एआयच्या चिपांत एनव्हिडियानं मैदान मारलं आणि सगळ्यात बारीक चिपा बनवण्यात तैवानची टीएसएमसी पुढं निघून गेली. आता दुसऱ्यांच्या चिपा बनवून द्यायच्या धंद्यात इंटेल पैसा ओततेय. त्या विभागाचा २०२३ चा तोटाच ७०० कोटी डॉलरचा होता. भट्टी मोठी घेतली, पेटवलीही, पण बाहेरच्या ऑर्डरी अजून यायच्यात, अशी फाउंड्री तुमच्या शेजारी असती तर तिचं काम तुम्ही उधारीवर केलं असतं का?

आणि ते "पन्नासचा वीसला" सोडून द्या. २००० साली हाच शेअर पंचाहत्तर डॉलरपर्यंत गेला होता. २०२४ पर्यंतच्या चोवीस वर्षांत तो भाव परत दिसला नव्हता.

कंपनी सावरेलही. नवं तंत्र जमलं, तर भाचा मला पेढे आणून देईल आणि मी ते खाईन. तरीही माझं उत्तर बदलणार नाही, कारण तुमची खरी अडचण अमेरिकेत नाही, शिरोलीत आहे.

"सीसीत पाच लाख पडून आहेत." अहो, सीसीत कधी काही पडून असतं का? २५ लाखांच्या लिमिटमधले २० लाख तुम्ही उचललेत. उरलेले पाच म्हणजे बँकेनं अजून न दिलेलं कर्ज. ते उचललं की त्याच क्षणी ११ टक्क्यांचं मीटर सुरू. बचत खात्यातली शिल्लक आणि सीसीतली मोकळी जागा मोबाईलच्या पडद्यावर सारखीच दिसते, एवढ्यावरून अनेक चांगले कारखानदार फसलेले मी पाहिलेत.

आता हिशेब. पाच लाख, ११ टक्के, दोन वर्षं: व्याज सव्वा लाखाच्या थोडं खाली, एक लाख पंधरा हजार धरू. समजा इंटेल दोन वर्षांत २५ टक्के वाढला. वाईट म्हणणार नाही कोणी. नफा सव्वा लाख. परदेशी शेअर चोवीस महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर नफ्यावर कर साडेबारा टक्के, म्हणजे पंधरा-सोळा हजार. उरले एक लाख नऊ हजार. व्याज द्यायचंय एक लाख पंधरा. डॉलर घेताना आणि विकताना बँक जे कापेल ते वेगळंच. म्हणजे शेअर पाव पट वाढूनही तुम्ही तोट्यात. चोवीस महिन्यांच्या आत विकला तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. रिटर्नमध्ये दर वर्षी परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरायचं, ते निराळं. आणि धंद्यासाठी घेतलेलं कर्ज शेअरसाठी वापरलंत, तर तेवढ्याचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तुमच्या सीएंना विचारा, ते माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगतील.

शिवाय हे नियमात बसतही नाही. आपल्याला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची मुभा ज्या एलआरएस योजनेत आहे, त्याच योजनेत रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय की असल्या परदेशी गुंतवणुकीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये. तुम्ही म्हणाल, आधी बचत खात्यात वळवतो, तिथून पाठवतो. बँकेच्या भाषेत त्याला निधी वळवणं म्हणतात, आणि लिमिटच्या नूतनीकरणाला फाईल उघडली की ते दिसतं.

पण ते पाच लाख मोकळे तरी आहेत का? इथं तुमच्या नऊ लाखांचा विषय येतो.

सीसीची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधलं प्रत्यक्षात किती उचलता येईल ते, दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरते. माल अधिक येणी, वजा मार्जिन (बँक सुरक्षिततेसाठी सोडून देते तो हिस्सा). बहुतेक बँका नव्वद दिवसांपुढची येणी त्यात धरत नाहीत. तुमच्या पार्टीकडचे नऊ लाख चार महिने झाले तिथंच आहेत. स्टेटमेंटमध्ये ते अजून चालू येणी म्हणून जात असतील, तर आधी ते थांबवा. ते काढले की मार्जिन जाऊन ड्रॉइंग पॉवर पाच-सहा लाखांनी खाली येईल. म्हणजे तुमचे "पडून असलेले" पाच लाख बहुधा जागेवर नाहीतच. ते त्या पार्टीकडं आहेत.

तेव्हा आधी मागं लागायचं ते त्या नऊ लाखांच्या. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच. नसेल तर आज करा, फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे दिले नाहीत तर कायद्यानं बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. रिझर्व्ह बँकेचा हा बँक दर २०२४ मध्ये पावणेसात टक्के होता, म्हणजे व्याज वीस टक्क्यांच्या वर. आणि २०२३-२४ पासून आयकराचाही नियम असा आहे की घेणाऱ्यानं मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत त्याला तो खर्च दाखवता येत नाही. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मला माहीत आहे, पार्टीवर तक्रार करून तुम्हाला पुढची ऑर्डर घालवायची नाहीये. मग तक्रार नका करू. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला फोन करून एवढंच विचारा, "मार्चअखेर आमचं बिल तुमच्या उत्पन्नात मिळवावं लागेल का हो?" मालकाशी बोलून जे हलत नाही ते कधी कधी अकाउंटंट हलवतो. नऊ लाख आले आणि सीसीत भरले, तर वर्षाला लाखभर व्याज वाचतं. एवढा पक्का परतावा इंटेल सोडा, कुठलाच शेअर देत नाही.

आणि लिमिटमध्ये थोडी जागा मोकळी हवीच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा गाड्या दिवसेंदिवस उभ्या होत्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. माल जात नाही, बिल होत नाही, पगार आणि लाईट बिल मात्र थांबत नाही.

आता "बाकी सगळं व्यवस्थित". मला खरा राग इथं आला, तुमच्यावर नाही.

दर वर्षी भरायची, दहा वर्षं भरायची, वर विमा फुकट, अशी एफडी नसते. तुमच्याकडं जे आहे ती विम्याची पॉलिसी आहे. खात्री करायची सोपी खूण: दर वर्षी दीड लाखावर थोडा जीएसटी कापला गेलाय का बघा, विम्याच्या हप्त्यावर २०२४ मध्ये तो लागत होता. एफडीवर जीएसटी लागत नाही. तारीखही बघा. सीसीचं लिमिट वाढवून मिळालं आणि ही "एफडी" सुरू झाली, हे दोन्ही एकाच महिन्यातलं निघालं तर मला नवल वाटणार नाही. कर्जासाठी विमा घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही. तरी टेबलापलीकडून "साहेब, एवढं घ्याच, फाईल लगेच पुढं जाते" असं म्हटलं जातं, आणि तेव्हा समोरचा माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो.

पंधरा लाख भरून ३२ लाख, ऐकायला दुपटीच्या वर वाटतं. वीस वर्षांचा परतावा काढला तर पाच टक्केसुद्धा पुरे पडत नाहीत. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये भरून नंतर नुसते ठेवले असते, तर २०२४ च्या ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी चव्वेचाळीस लाख झाले असते. बारा लाखांचा फरक. "फुकट" विमा असा महाग असतो.

आणि हे पैसे तुम्ही भरताय कुठून? सीसीतून. म्हणजे ११ टक्क्यांनी उचलायचे आणि पाच टक्क्यांनी गुंतवायचे. तीन हप्ते झाले, साडेचार लाख. तुमच्या वीस लाखांच्या उचलीत साडेचार लाख हीच "एफडी" आहे आणि तिचं वर्षाला जवळजवळ पन्नास हजार व्याज तुम्ही भरताय. डोक्याला ताप नाही म्हणता, कारण कापलेलं दिसत नाही.

मोडायची का? लगेच नको. तीन हप्त्यांनंतर जुन्या पॉलिसीत खात्रीची सरेंडर रक्कम भरलेल्याच्या साधारण ३५ टक्के असते, म्हणजे साडेचार लाखांचे दीड लाख हातात. त्यापेक्षा ती पेड-अप करायचा विचार करा: पुढचे हप्ते बंद, पॉलिसी लहान होऊन चालू, भरलेल्याच्या प्रमाणात शेवटी नऊ लाखांच्या आसपास. बोनस कसा लावतात त्यावर कमीही होतील. विमा कंपनीकडून, बँकेच्या माणसाकडून नव्हे, दोन आकडे लेखी मागवा: आजची सरेंडर रक्कम आणि पेड-अप रक्कम. उरलेले सात हप्ते भरून जे जास्तीचं मिळेल त्याचाही परतावा मी काढला, साडेपाचच्या आसपास येतो. ११ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना त्यात पैसे घालायला कारण उरत नाही. पुढचा हप्ता कापला जायच्या आधी परस्पर कपातीची सूचना मागं घ्या. पण पॉलिसी कमी करायच्या आधी खालचं काम झालेलं हवं.

पत्रात तुम्ही ते विचारलंच नाहीत. उद्या तुम्हाला काही झालं तर काय? सीसी वीस लाख, विमा पंधरा लाख. घर तारण, आणि मिसेस बहुतेक जामीनदार असतील. पंधरा लाख बँकेला देऊनही पाच लाख देणं उरतं, मशिनं बंद, मुलीचं शेवटचं वर्ष बाकी. ज्याला तुम्ही व्यवस्थित म्हणता ते हे आहे.

एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, साठीपर्यंतचा. तंबाखू खात नसाल तर २०२४ च्या दरानं, तेव्हाचा जीएसटी धरून, वर्षाला साधारण तीस-पस्तीस हजारांच्या घरात बसेल. खात असाल तर बराच जास्त, पण लपवू नका, दावा तिथंच अडकतो. "शेवटी काहीच परत मिळत नाही" असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. पैसे परत देणारा टर्म प्लॅन दाखवायला लागले तर उठून या.

धंद्याचं कर्ज असलेल्या माणसानं ही पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यावी. मग मिळणारे पैसे थेट पत्नी आणि मुलीचे, तुम्ही ज्यांचं देणं लागता त्यांना त्यावर हात टाकता येत नाही. त्यासाठी वेगळा खर्च नाही, अर्जातलं एक पान भरायचं असतं. मात्र ते पॉलिसी घेतानाच भरावं लागतं, नंतर जोडता येत नाही, आणि तुम्ही मागितल्याशिवाय एजंट ते पान बहुधा काढत नाही. या वयाला आणि एवढ्या रकमेला मेडिकल तपासणी होईलच. ती उपाशीपोटी असते, तेव्हा आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको.