मंदिरासाठी घरावर कर्ज काढू का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या एका लहान गणपती मंदिराचा मी दोन वर्षांपासून अध्यक्ष आहे. भाड्याची जागा, एक पूर्णवेळ गुरुजी, रविवारची मराठी शाळा, महिन्यातून एकदा अन्नदान. खर्च महिन्याला 14,000 डॉलर, त्यातले 6,000 दोन दाते देत. एकाची नोकरी गेली, दुसरे ‘यंदा बघू’ म्हणतात. बँकेत 49,000 आहेत. शिखरासाठी जमवलेले 80,000 वेगळे. समितीतले काही जण म्हणतात, त्यातूनच उचलू. मी मात्र घरावर कर्ज काढायच्या विचारात आहे. बायकोला अजून बोललो नाही. लक्ष्मीबाई पाटलांनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी मंगळसूत्र विकलं, मग आपण एवढंही करू नये?

उत्तर: नका करू. लक्ष्मीबाईंनी स्वतःचं मंगळसूत्र दिलं, स्वतःच्या मनाने. तुम्ही बायकोचं अर्धं घर तिला न विचारता द्यायला निघालात. शिवाय त्या गोष्टीचा दुसरा भाग आपण नेहमी विसरतो. रयत शिक्षण संस्था मंगळसूत्रावर चालली नाही. त्यांचे पती कर्मवीर भाऊरावांनी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा केलं, त्या मुष्टिफंडानेही पोरं जेवली.

आधी हिशेब. 14,000 बंद झालेले नाहीत, 6,000 बंद झालेत. म्हणजे 49,000 तुम्हाला आठ महिने पुरतील. रात्री झोप लागेल इतका हा वेळ आहे.

शिखराच्या पैशाला हात लावू नका. लोकांनी ते शिखरासाठी म्हणून दिलेत. ते विजेच्या बिलाला वापरणं हा नुसता विश्वासाचा नाही, कायद्याचाही प्रश्न आहे. फारच गरज पडली तर वकिलाला विचारून, दात्यांची लेखी संमती घेऊन. ‘तात्पुरते उचलू, गणपतीत भरून काढू’ हे वाक्य मी इतक्या समित्यांत ऐकलंय की आता हसूही येत नाही.

पगारात गुरुजींचा पहिला. ते धार्मिक कामाच्या व्हिसावर असतील, तर पगार थांबला की त्यांचं इथलं राहणंच धोक्यात येतं. साफसफाईला किंवा स्वयंपाकाला पगारी माणूस असेल तर त्याच्या पगारातून कापलेला कर वेळेवर भरा. तो थकला तर सरकार व्यवहार पाहणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या खिशापर्यंतही येऊ शकतं. कॅमेरे आणि दारांसाठी मिळणाऱ्या सरकारी सुरक्षा अनुदानावर तर भिस्त ठेवूच नका. त्यात साधारणपणे खर्च आधी आपण करायचा, पैसे मागाहून मिळणार, आणि मिळाले तरी त्यातून भाडं भागत नाही.

मग 6,000 कुठून आणायचे? दीड हजार काटकसरीतून निघतील. केटररचा महाप्रसाद बंद करा, वाद्यवृंदाची रात्र पुढे ढकला. उरले 4,500. महिन्याला 50 डॉलर देणारी 90 घरं हवीत. तुमच्या यादीत किती कुटुंबं आहेत हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण दिवाळीला पार्किंग मिळत नसेल तर 90 घरं नक्की आहेत. त्यांना आजवर कुणी मागितलंच नसेल, कारण दोन मोठ्या दात्यांमुळे मागायची सवयच गेली.

मागताना एक गोष्ट सांगा. तरुण कुटुंबं बहुतेक स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक करवजावट, घेतात, म्हणून त्यांना देणगीचा कराच्या दृष्टीने काही उपयोग नसे. 2026 पासून तशांनाही रोख देणगीची वजावट मिळते, एकट्याला 1,000 आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला 2,000 डॉलरपर्यंत. वर्षाचे 600 त्यात आरामात बसतात. शिवाय नोकरी करणाऱ्यांना कंपनीच्या मॅचिंगबद्दल, म्हणजे त्यांच्या देणगीला कंपनीनेही आपली भर घालण्याबद्दल, विचारायला लावा. पूजाअर्चेला नकार देणाऱ्या काही कंपन्या भाषाशाळेला किंवा अन्नदानाला पैसे देतात. त्यासाठी त्या कामांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा, तो आजपासून ठेवा.

येत्या रविवारी आरतीनंतर, लोक चपला घालायच्या आत, एक कागद वाटा. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला जमा, खाली तुटीचा आकडा. भाषण नको. समितीत कुणी म्हणेल, ‘चारचौघांत आपली लाज जाईल.’ दारावर भाडं थकल्याची नोटीस लागल्यावर जाईल ती लाज बरी का? आधी समितीतल्या प्रत्येकाने स्वतःचे 50 चालू करायचे आणि मगच कागद वाटायचा, एवढी अट मात्र घाला.

घरी आज रात्रीच सांगा. कर्जाचा विचार मनात आला होता हेही सांगा. कदाचित त्या तुमच्यापेक्षा चांगला हिशेब करतील. तुमच्या पत्रावरून मला तरी तसंच वाटलं.

आणि नोकरी गेलेल्या दात्याकडे पुढच्या आठवड्यात जाऊन या. देणगीची आठवण करून देणारे ई-मेल त्यांना आपोआप जात असतील तर ते आधी थांबवा. दोघं मिळून जा, डबा घेऊन जा. पावतीपुस्तक गाडीतच राहू दे.