लेक आणि तिची जोडीदार बाळाचा विचार करतायत. आम्ही आईवडील मदत कशी करू?

आधी ‘खरी आई कोण?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात ठेवतात त्या उपचारात, एकीचं स्त्रीबीज आणि दुसरीचं गर्भाशय असंही करता येतं. मग काय उत्तर देणार? आणि शुक्राणू देणारा दाता म्हणजे दाता, त्याला ‘बाप’ म्हणू नका.

ओळखीतला मुलगा दाता म्हणून सुचवायचा मोहही आवरा. माझ्या आईने माझ्या जोडीदारासाठी चक्क माझ्या मावसभावाचं नाव काढलं होतं. हेतू चांगला, पण घास घशात अडकला. शुक्राणू बँकेत संसर्गाच्या आणि आनुवंशिक आजारांच्या तपासण्या होतात. ओळखीच्या दात्याचा बाळावर कायदेशीर हक्क किती, हे मात्र देशागणिक बदलतं.

सगळ्यात अवघड म्हणजे वाट बघणं. आययूआयनंतर, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडल्यावर, निकाल कळायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि पहिल्याच खेपेत जमेल असं नाही. त्या दिवसांत आई रोज फोन करायची, हवापाण्याचं बोलायची आणि ठेवण्याआधी तीन सेकंद गप्प राहायची. त्या तीन सेकंदांचा मला धसका बसला होता! त्यापेक्षा ‘कळवावंसं वाटेल तेव्हा कळव’ म्हणा आणि खरंच थांबा. पस्तिशीनंतर अवघड होतं हे तिला ठाऊक आहे, ते नको सांगायला.

पैसे द्यायचेच असतील तर वकिलाचे द्या. जिने जन्म दिला नाही तिला अनेक ठिकाणी आपलंच बाळ रीतसर दत्तक घ्यावं लागतं.