कोटेड बुलेटचा राउंड चेंबरमध्ये अडकतो तेव्हा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काडतुसं (राउंड) भरताना ९ मिमीच्या जॅकेटेड (तांब्याचं कवच असलेल्या) बुलेटसाठी लावलेल्या डाय (पितळी केसला, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याला, आकार देणारे साचे) तशाच ठेवून १२४ ग्रेन वजनाच्या कोटेड (शिशावर पातळ थर असलेल्या) राउंड-नोज, म्हणजे गोल टोकाच्या, बुलेट भरल्या, आणि आता दर सात-आठ राउंडमागे एक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसायच्या जागेत) पूर्ण न बसता स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) दोन-तीन मिमी अलीकडेच थांबते. तळहाताचा ठोसा दिला की बसते. क्रिम्प (केसचं तोंड आवळणं) वाढवला, तरी तेच.

आधी तो ठोसा बंद करा. मीही पूर्वी द्यायचो. एकदा राउंड बाहेर काढायला गेलो तर केस हातात आली, बुलेट रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळदार चऱ्यांमध्ये) रुतून बसली आणि पावडर मॅगझिनभर सांडली. अर्धा दिवस साफसफाईत गेला, तोही नशीब म्हणून. रायफलिंगमध्ये घट्ट रुतलेली किंवा केसमध्ये मागे सरकलेली बुलेट उडवली तर दाब वाढतो, आणि किती वाढेल ते हातात नसतं.

आता निदान. पिस्तूल रिकामं करून नळी बाहेर काढा. अडलेल्यांपैकी एक राउंड घ्या, बुलेटचा उघडा भाग आणि केसचं तोंड काळ्या मार्करने रंगवा, नळीत सोडा, बोटाने हलकेच फिरवा आणि बाहेर काढून उजेडात बघा. शाई कुठे खरवडली आहे त्यावरच सगळं ठरतं. बुलेटच्या खांद्यावर (टोकाची गोलाई संपते तिथे) ओरखडे असतील तर राउंड लांब आहे. केसच्या तोंडाच्या कडेवर असतील तर फ्लेअर (बुलेट बसावी म्हणून केसच्या तोंडाला दिलेला किंचित फाकवटा) पूर्ण मिटलेला नाही. एकाच बाजूला फुगवटा आणि ओरखडा दिसला तर बुलेट तिरकी बसली आहे.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय मात्र चौथ्या गोष्टीवर आहे. केसच्या तोंडाशी नखाने चाचपून बघा, कोटिंगची बारीक कडी लागते का? जॅकेटेड बुलेट ०.३५५ इंचाची, कोटेड बहुधा ०.३५६ची, वर मऊ. जॅकेटेडसाठी पुरणारा फ्लेअर हिला कमी पडतो. मग बसताना केसची धार रंधा मारल्यासारखं कोटिंग सोलते आणि ते तोंडाशी गोळा होतं. ९ मिमीचा राउंड चेंबरमध्ये टेकतो तोच केसच्या तोंडावर, त्यामुळे एवढासा कचराही त्याला अडवतो. दर सात-आठमागे एकच का, तर मिश्र छापाच्या (वेगवेगळ्या कंपन्यांच्या) केसेस. लांबी आणि भिंतीची जाडी थोडीथोडी वेगळी, म्हणून फ्लेअरही कमीजास्त होतो.

तेव्हा फ्लेअर वाढवा. बुलेट बोटाने ठेवली की न पडता सरळ उभी राहील इतका पुरे; उगाच जास्त केलात तर केसेस तोंडाशी चिरतात. सीटिंग (बुलेट केसमध्ये दाबून बसवणं) आणि क्रिम्प वेगवेगळ्या टप्प्यांत करा. एकाच डायमध्ये दोन्ही केलं की बुलेट खाली जात असतानाच तोंड आवळायला लागतं आणि पुन्हा सोलणं आलंच.

क्रिम्प तर तुम्ही उलट्या दिशेने नेला. टेपर क्रिम्पचं काम फक्त फ्लेअर मिटवण्याचं. बुलेट धरून ठेवते ती साइझ केलेल्या (डायमधून मापात आवळलेल्या) केसची पकड. हिशेब सोपा आहे: बुलेट ९.०४ मिमी (म्हणजे ०.३५६ इंच), केसची भिंत साधारण ०.२८ मिमी, दोन्ही बाजू धरून तोंडाशी ९.६० मिमी. कमाल मर्यादा ९.६५. तुमचं माप त्याहून बरंच खाली असेल तर एक राउंड पुलरने (बुलेट उपटून काढणाऱ्या हत्याराने) उघडून बघा, कोटिंग गोल कापलेलं दिसेल. तिथून शिसं उघडं पडतं आणि नळीत चिकटतं. पुन्हा साइझ करणारी कार्बाइड क्रिम्प डाय वापरत असाल तर तीही जपून. राउंड चेंबरमध्ये छान जातो, पण मऊ बुलेट आतल्या आत दाबून बारीक करते आणि नेम बिघडतो.

खांद्यावर ओरखडे निघाले तर लांबी कमी करा. २९.६९ मिमी ही कमाल लांबी आहे, तुमच्या नळीचं माप नव्हे. जाड खांद्याची कोटेड बुलेट आखूड थ्रोटच्या (चेंबर आणि रायफलिंगमधल्या मोकळ्या भागाच्या) नळीत त्याच्या कितीतरी आधी रायफलिंगला भिडते. ०.१ मिमीने खाली आणत जा. राउंड स्वतःच्या वजनाने टक्‌ करून बसला, मोकळा फिरला आणि नळी उलटी करताच पडला की आणखी ०.३ मिमी कमी करून थांबा. ९ मिमीच्या केसमध्ये जागा मुळात थोडी, बुलेट खोल गेली की दाब चढतो. म्हणून पावडर त्या बुलेटच्या लोड डेटामधल्या (पावडरच्या मापांच्या तक्त्यामधल्या) सुरुवातीच्या मापावर परत आणून तिथून पुढे चढा. जुनं माप चालवू नका.

हे सगळं प्राइमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर नसलेल्या डमी राउंडवर जमवा. मग तोच डमी टेबलाच्या कडेवर बुलेटच्या बाजूने अंगठ्याने जोरात दाबा आणि लांबी आधी-नंतर मोजा. कमी झाली तर पकड कमी पडते आहे. साइझिंग डाय आणि एक्सपांडर (तोंड फाकवणारा भाग) तपासा, क्रिम्पला हात लावू नका.

आधीच भरलेले राउंड एकेक करून नळीत टाकून बघा. बसणार नाहीत ते पुलरने उघडा. त्यातल्या कोटिंग कापल्या गेलेल्या बुलेट मी पुढच्या डमींसाठी डब्यात टाकतो.